स्क्रिप्टने फॉर्म घडवताना: रकाना नुसता दिसून भागत नाही

एखाद्या स्पर्धेसाठी संघाची नावनोंदणी करणारा फॉर्म तयार करायचा आहे असे समजू. संघात किती सदस्य असतील हे आधी ठाऊक नसते. प्रत्येकाचे नाव, ईमेल आणि वय हवे असते, आणि सदस्य १८ वर्षांखालील असेल तरच त्याच्या पालकाचे नावही हवे असते. हे सगळे एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाची रचना लिहिण्याच्या भाषेत, आधीच लिहून ठेवायचे म्हटले, तर पंचवीसतीस सदस्यांचे रिकामे रकाने एकाखाली एक मांडावे लागतात आणि चार जणांचा संघ नोंदवणाऱ्याला ते सगळे ओलांडत शेवटच्या बटणापर्यंत जावे लागते. त्यामुळे रकाने गरज पडेल तसे ब्राउझरमध्येच, जावास्क्रिप्टच्या साहाय्याने तयार करणे सोयीचे ठरते. १९९५ साली नेटस्केपच्या ब्राउझरमधून ही भाषा लोकांपर्यंत आली, तेव्हापासून फॉर्म हाताळणे हे तिचे एक मुख्य काम राहिले आहे.

असा रकाना पडद्यावर आणणे चारदोन ओळींचे काम आहे, आणि नेमके तेथेच बहुतेक जण थांबतात. एचटीएमएलमध्ये हाताने लिहिलेल्या रकान्याला लेबल असते, सर्व्हरला कळेल असे नाव असते, टॅब दाबून त्याच्यापर्यंत पोहोचता येते, ब्राउझर त्याची पडताळणी करतो आणि फॉर्म पाठवताना त्यातील मजकूर बरोबर जातो. स्क्रिप्टने तयार केलेल्या रकान्यालाही यातील प्रत्येक गोष्ट मिळाली पाहिजे, आणि तो लपवला किंवा काढला जातो तेव्हा त्या साऱ्या गोष्टी तितक्याच नीटपणे मागे घेतल्या गेल्या पाहिजेत. पुढील सर्व सूचना याच कसोटीवर घासून घेतल्या आहेत.

आधी स्थिर भाग

फॉर्मचा टॅग, माहिती कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पद्धतीने जाणार हे सांगणारे ॲट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहिलेले गुणधर्म), पहिल्या सदस्याचे रकाने आणि ‘पाठवा’ हे बटण एवढा भाग साध्या एचटीएमएलमध्येच लिहावा. स्क्रिप्ट काही कारणाने उतरली नाही, तरी निदान एका सदस्याची नोंद करता येते आणि पान कोरे राहत नाही. ‘सदस्य जोडा’ हे बटण मात्र स्क्रिप्टनेच तयार करावे, कारण स्क्रिप्टशिवाय त्याचा काहीच उपयोग नसतो.

या बटणाबाबत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. फॉर्मच्या आतील बटणाचा प्रकार सांगितला नाही, तर ब्राउझर त्याला ‘सबमिट’ प्रकारचे मानतो. ‘सदस्य जोडा’ दाबताच नवी ओळ क्षणभर दिसते, लगेच फॉर्म पाठवला जातो आणि पान पुन्हा उघडते. पाहणाऱ्याला वाटते की ओळ जोडणारा कोडच चुकला आहे. म्हणून अशा प्रत्येक बटणाचा प्रकार ‘बटन’ असा स्पष्ट लिहावा. त्याचप्रमाणे कोणत्याही रकान्याचे किंवा बटणाचे नाव ‘सबमिट’ ठेवू नये. फॉर्ममधील घटक त्यांच्या नावाने फॉर्मच्या प्रॉपर्टी (स्क्रिप्टला वाचता येणारे गुणधर्म) म्हणून उपलब्ध होतात. त्यामुळे त्या नावाचा घटक आला की कोडमधून फॉर्म पाठवणारी ‘सबमिट’ ही मूळ मेथड त्याच्याआड झाकली जाते.

नवी ओळ कशी जन्माला घालावी

यासाठी तीन मार्ग वापरले जातात. ‘क्रिएट-एलिमेंट’ने एकेक घटक तयार करून जोडता येतो, एचटीएमएलचा मजकूर ‘इनर-एचटीएमएल’मध्ये टाकता येतो, किंवा ‘टेम्प्लेट’ या टॅगमध्ये साचा लिहून त्याची प्रत काढता येते. सदस्यांच्या ओळींसारख्या एकाच घडणीच्या गोष्टींसाठी माझ्या मते टेम्प्लेट सर्वांत चांगले. त्यातील मजकूर पानावर दिसत नाही, फॉर्मबरोबर पाठवला जात नाही आणि त्यातील स्क्रिप्टही चालत नाही. पण रचना एचटीएमएलमध्येच राहत असल्यामुळे ती वाचायला आणि बदलायला सोपी जाते. टेम्प्लेटच्या ‘कंटेंट’ची खोल (आतील सर्व घटकांसह) प्रत ‘क्लोन-नोड’ने काढावी, तिच्यातील नावे आणि आयडी भरावेत आणि मगच ती पानावर जोडावी.

आधीच भरलेल्या ओळीची प्रत काढून नवी ओळ करण्याचा मोह टाळावा. त्या प्रतीत आयडी जसेच्या तसे येतात, इनपुटमध्ये लिहिलेला मजकूरही येतो, आणि ‘ॲड-इव्हेंट-लिसनर’ने जोडलेले लिसनर (क्लिकसारखी घटना घडताच चालणारे कोड) मात्र येत नाहीत. म्हणजे नको ते बरोबर येते आणि हवे ते मागे राहते.

‘इनर-एचटीएमएल’ला अधिक-बरोबर चिन्हाने पुढचा मजकूर जोडणे तर याहून घातक आहे. तसे करताना ब्राउझर आतील सर्व घटकांचा आधी मजकूर बनवतो, त्याला नवा भाग जोडतो आणि सगळे घटक पुन्हा नव्याने उभे करतो. वापरणाऱ्याने रकान्यात टाइप केलेले शब्द ‘व्हॅल्यू’ या प्रॉपर्टीत असतात. एचटीएमएलच्या ‘व्हॅल्यू’ ॲट्रिब्यूटमध्ये ते उतरत नाहीत. परिणामी दोन सदस्यांची माहिती भरून झाल्यावर तिसरी ओळ जोडली, की पहिल्या दोन्ही ओळी कोऱ्या होतात. शिवाय कोणीतरी टाइप केलेला मजकूर या मार्गाने पानावर आणला, तर त्यात दडवलेला कोडही चालू शकतो. सदस्याचे नाव ‘काढून टाका’ बटणावर दाखवायचे असेल, तर ते ‘टेक्स्ट-कंटेंट’मधूनच दाखवावे, मग त्यात कोणतीही चिन्हे असली तरी ती निव्वळ अक्षरे राहतात.

नाव, आयडी आणि लेबल

फॉर्म पाठवला जातो तेव्हा सर्व्हरकडे जाते ते रकान्याचे नाव आणि त्यातील मजकूर. नाव नसलेला रकाना कितीही व्यवस्थित भरला तरी जात नाही. आयडीचा संबंध पानापुरता असतो: लेबल कोणत्या रकान्याचे आहे आणि चुकीबद्दलचा संदेश कोणत्या रकान्याला लागू आहे हे त्यावरून जुळते. दोन्हींची गल्लत झाली, की फॉर्म ठीक दिसतो, परंतु लेबलवर क्लिक केल्यावर भलत्याच ओळीतील रकाना सक्रिय होतो.

प्रत्येक ओळीला एक क्रमांक द्यावा आणि नावात ‘सदस्य’ या शब्दापुढे चौकटी कंसात तो क्रमांक, व त्यापुढे पुन्हा चौकटी कंसात ‘वय’ किंवा ‘ईमेल’ अशी रचना ठेवावी. पीएचपीसारख्या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषा अशा नावांवरून थेट सुटसुटीत यादी बनवून देतात. क्रमांकाची जागा रिकामी ठेवून नुसते कंस लिहिण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण ओळीत चेकबॉक्स असेल तर ती फसवते. खूण न केलेला चेकबॉक्स सर्व्हरकडे जातच नाही. पाच सदस्यांपैकी दुसऱ्याने आणि पाचव्यानेच खूण केली असेल, तर सर्व्हरला दोन उत्तरे मिळतात आणि ती पहिल्या दोन सदस्यांच्या खात्यावर जमा होतात. क्रमांक स्पष्ट लिहिला असेल, तर हा घोटाळा होऊ शकत नाही.

हा क्रमांक पानावरील ओळी मोजून काढू नये. क्रमांक १, २ आणि ३ अशा तीन ओळी असताना मधली काढून टाकली आणि नवी जोडली, तर मोजणीप्रमाणे नव्या ओळीलाही ३ हाच क्रमांक मिळतो आणि दोन ओळींची नावे एकच होतात. त्याऐवजी फक्त वाढत जाणारा एक मोजक ठेवावा. काढलेल्या ओळीचा क्रमांक पुन्हा कोणालाही द्यायचा नाही. मध्ये रिकाम्या जागा राहिल्या तरी सर्व्हरचे काही अडत नाही. सर्व्हरने चुका दाखवत भरलेला फॉर्म परत पाठवला असेल, तर मोजक पानावर असलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढून सुरू व्हावा. वापरणाऱ्याला दिसणारे ‘सदस्य १’, ‘सदस्य २’ हे मथळे मात्र वेगळे असतात. ओळ जोडली किंवा काढली, की ते दरवेळी नव्याने मोजून लिहावेत. प्रत्येक सदस्याचे रकाने एका ‘फील्डसेट’मध्ये ठेवून हा मथळा ‘लेजंड’मध्ये लिहिला, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे साधन) वापरणाऱ्यालाही ‘वय’ हा रकाना कोणाच्या वयाचा आहे ते ऐकू येते.

अटीवर उघडणारा रकाना

पालकाच्या नावाचा रकाना वयावर अवलंबून आहे, आणि अशा फॉर्ममध्ये सर्वाधिक घोटाळे याच जागी होतात. साधारणपणे तो रकाना सीएसएसने, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांनी, लपवला जातो आणि वय १८ पेक्षा कमी असेल तर दाखवला जातो. त्यावर ‘रिक्वायर्ड’ लिहिलेले असते. आता सज्ञान सदस्य सगळे भरून ‘पाठवा’ दाबतो आणि काहीच घडत नाही. लपवलेला रकानाही ब्राउझरच्या दृष्टीने अनिवार्यच असतो. तो रिकामा असल्यामुळे ब्राउझर फॉर्म अडवतो, चुकीबद्दलचा संदेश दाखवण्यासाठी त्या रकान्यावर फोकस (कीबोर्डचे टाइपिंग जेथे उमटते ती जागा) नेऊ पाहतो आणि तो दिसत नसल्यामुळे नेऊ शकत नाही. क्रोममध्ये याची नोंद फक्त डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये होते. फॉर्म भरणारा बिचारा पुनःपुन्हा बटण दाबत राहतो.

यावर स्वच्छ उपाय म्हणजे अटीवर अवलंबून असलेले रकाने त्यांच्या स्वतःच्या ‘फील्डसेट’मध्ये ठेवावेत आणि अट लागू नसेल तेव्हा तो संपूर्ण फील्डसेट ‘डिसेबल्ड’ही करावा आणि ‘हिडन’ही करावा. डिसेबल केलेल्या फील्डसेटमधील रकान्यांची पडताळणी होत नाही, त्यांच्यावर फोकस जात नाही आणि ते सर्व्हरकडेही जात नाहीत. तरी त्यात लिहिलेला मजकूर पानावर जिवंत राहतो, त्यामुळे वय चुकून बदलले आणि पुन्हा दुरुस्त केले तर पालकाचे नाव परत टाइप करावे लागत नाही. ‘रीड-ओन्ली’ने हे साधत नाही, कारण रीड-ओन्ली रकाना सर्व्हरकडे जातो. ‘हिडन’ लावूनही फील्डसेट दिसतच राहिला, तर सीएसएसमध्ये त्याला ‘डिस्प्ले’चा वेगळा नियम दिला आहे का ते पाहावे, ‘फ्लेक्स’ किंवा ‘ग्रिड’ लिहिलेले असेल, तर ते ‘हिडन’च्या मूळ नियमावर मात करते.

वय तपासण्याची ओळही जपून लिहावी लागते. रिकाम्या मजकुराला ‘नंबर’ या फंक्शनमधून काढले, तर जावास्क्रिप्ट शून्य देते, आणि शून्य १८ पेक्षा कमी असल्यामुळे वय न लिहिताच पालकाचा रकाना उघडतो. ‘व्हॅल्यू-ॲज-नंबर’ ही प्रॉपर्टी वापरली, तर रिकाम्या संख्या-रकान्यासाठी ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ असे सांगणारे मूल्य) मिळते आणि त्याची १८ शी केलेली तुलना खोटी ठरते, म्हणजे हवे तेच होते. साध्या मजकुराच्या रकान्यात कोणी देवनागरी अंक लिहिले, तर ‘नंबर’ त्यांना संख्या मानत नाही आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकूर तपासण्याच्या साच्यातील) अंकांची संक्षिप्त खूणही फक्त 0 ते 9 हे इंग्रजी अंक ओळखते. आपल्या लिपीत उत्तर लिहिणाऱ्याला ‘कृपया योग्य संख्या लिहा’ असे सुनावण्यापेक्षा तपासणीपूर्वी ते अंक बदलून घेणे केव्हाही चांगले.

कोणता इव्हेंट (रकान्यात काही घडल्याची सूचना) ऐकायचा हाही प्रश्न येथेच उभा राहतो. ‘इनपुट’ प्रत्येक अक्षरागणिक येतो. २५ लिहिताना आधी २ येतो, त्यामुळे पालकाचा रकाना क्षणभर उघडून मिटतो. ‘चेंज’ हा बदल पक्का झाल्यावर येतो, पण टॅब दाबून वयाच्या रकान्यातून बाहेर पडणाऱ्याचा फोकस नुकत्याच उघडलेल्या रकान्याला ओलांडून पुढे जाऊ शकतो. म्हणून ‘इनपुट’ ऐकावा, टाइप करणे थांबल्यावर अगदी थोड्या विलंबाने निर्णय घ्यावा, आणि पालकाचा फील्डसेट रचनेत वयाच्या लगेच पुढे ठेवावा. मग कीबोर्डवर स्वतः करून पाहावे.

एकच लिसनर, फॉर्मवर

प्रत्येक नव्या बटणाला वेगळा लिसनर जोडत बसण्यापेक्षा फॉर्मवर एकच लिसनर ठेवावा. ‘क्लिक’, ‘इनपुट’ आणि ‘चेंज’ हे इव्हेंट आतून बाहेर, म्हणजे रकान्यापासून फॉर्मपर्यंत, चढत येतात. त्यामुळे उद्या जन्माला येणाऱ्या ओळींचेही क्लिक आजच्या लिसनरला ऐकू येतात. कोणते बटण दाबले हे शोधताना थेट ‘टार्गेट’ पाहू नये, कारण बटणात चिन्ह असेल तर टार्गेट ते चिन्ह असते. ‘क्लोजेस्ट’ने वर चढून बटण आणि मग त्याची ओळ गाठावी. ‘फोकस’ आणि ‘ब्लर’ मात्र वर चढत नाहीत. त्यांच्याऐवजी ‘फोकस-इन’ आणि ‘फोकस-आउट’ वापरावेत. पडताळणीत नापास झालेल्या रकान्याचा ‘इनव्हॅलिड’ हा इव्हेंटही चढत नाही, म्हणून तो कॅप्चर टप्प्यात, म्हणजे इव्हेंट बाहेरून आत उतरत असताना, ऐकावा लागतो.

ओळ काढून टाकताना फोकस कोठे जाईल याचा विचार आधी करावा. दाबलेले ‘काढून टाका’ बटण ओळीबरोबरच नाहीसे होते, फोकस निराधार होतो, आणि कीबोर्डवर काम करणाऱ्याला फॉर्ममधील आपली जागा पुन्हा शोधत यावे लागते. पुढच्या ओळीतील पहिला रकाना, ती नसेल तर मागच्या ओळीतील, आणि तीही नसेल तर ‘सदस्य जोडा’ हे बटण, असा क्रम ठरवून काढण्यापूर्वीच लक्ष्य निवडून ठेवावे. ओळ जोडल्यावर फोकस तिच्यातील नावाच्या रकान्यावर न्यावा, कारण वापरणाऱ्याने ती ओळ मागितलीच आहे. पालकाचा रकाना आपोआप उघडतो, तेथे मात्र फोकस ओढून नेऊ नये. ‘सदस्य काढला, आता तीन सदस्य आहेत’ अशी सूचना ‘स्टेटस’ हा रोल (घटकाची भूमिका स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) दिलेल्या एका घटकात लिहावी. तो घटक पानावर सुरुवातीपासून असावा, ऐनवेळी तयार करू नये.

पडताळणी

रिकामा रकाना, ईमेलची घडण, संख्येची किमान आणि कमाल मर्यादा या गोष्टी ब्राउझर स्वतः तपासतो, तेव्हा त्या एचटीएमएलच्या ॲट्रिब्यूटवरच सोपवाव्यात. स्वतःच्या नियमांसाठी ‘सेट-कस्टम-व्हॅलिडिटी’ आहे. तिला संदेश दिला की रकाना अवैध ठरतो, आणि कोरा मजकूर देईपर्यंत तो अवैधच राहतो. वापरणाऱ्याने मजकूर सुधारला म्हणून तो आपोआप वैध होत नाही. संघातील दोन सदस्यांचे ईमेल एकच असू नयेत असा नियम घ्या. चौथ्या ओळीतील ईमेल पहिल्याशी जुळला, म्हणून चौथ्या रकान्याला संदेश लावला. वापरणाऱ्याने पहिली ओळ दुरुस्त केली, किंवा ती काढूनच टाकली, तर चौथ्यात काहीच टाइप झालेले नसते आणि तिचा संदेश तसाच चिकटून राहतो. म्हणून ओळींमधील परस्परसंबंधाचा नियम तपासताना आधी सर्व ईमेल रकान्यांचे संदेश पुसावेत आणि मग सगळे नव्याने तपासावेत. ही तपासणी प्रत्येक बदलानंतर आणि प्रत्येक ओळ काढल्यानंतरही चालवावी.

वर्णनावरून उभा राहणारा फॉर्म

फॉर्ममधील प्रश्नच वरचेवर बदलत असतील, तर प्रत्येक रकान्याचे वर्णन एका ऑब्जेक्टमध्ये लिहून त्या वर्णनांच्या यादीवरून फॉर्म उभा करणे इष्ट असते. वर्णनात रकान्याचे नाव, लेबल, प्रकार, अनिवार्य आहे की नाही, आणि कोणत्या रकान्याच्या कोणत्या उत्तरावर तो अवलंबून आहे एवढे पुरते. प्रत्येक प्रकारासाठी ‘क्रिएट-एलिमेंट’ वापरणारे एक छोटे फंक्शन लिहावे आणि अनोळखी प्रकार आला तर गप्प न राहता त्रुटी दाखवावी. या वर्णनात हळूहळू लहानसहान अपवाद शिरू लागतात. ते वाढले, की तो फॉर्म साध्या टेम्प्लेटकडे परत न्यावा.

एका यादीतील निवडीवरून दुसरी यादी सर्व्हरकडून मागवायची असेल, तर उत्तरांचा क्रम सांभाळावा. वापरणाऱ्याने एक पर्याय निवडून लगेच दुसरा निवडला आणि पहिल्याचे उत्तर उशिरा आले, तर चुकीची यादी दिसते. नवी मागणी पाठवण्यापूर्वी जुनी ‘अबॉर्ट-कंट्रोलर’ने रद्द करावी.

पाठवताना

कोडमधून फॉर्म पाठवायचा असल्यास ‘सबमिट’ ही मेथड वापरू नये. ती पडताळणी करत नाही आणि सबमिटचा इव्हेंटही उठवत नाही. ‘रिक्वेस्ट-सबमिट’ बटण दाबल्याप्रमाणेच वागते. पान न बदलता ‘फेच’ने माहिती पाठवायची असेल, तर ‘फॉर्म-डेटा’ला फॉर्म द्यावा, पानावर त्या क्षणी असलेले सर्व सक्रिय रकाने, स्क्रिप्टने जोडलेलेही, त्यात येतात. त्या वेळी ‘कंटेंट-टाइप’ हे हेडर (माहितीचे स्वरूप सांगणारी, तिच्याबरोबर जाणारी नोंद) हाताने लिहू नये, कारण भागांना वेगळे करणारी खूण ब्राउझरलाच ठरवावी लागते. ‘फॉर्म-डेटा’चे थेट ऑब्जेक्ट बनवले, तर एकाच नावाची अनेक उत्तरे असताना फक्त शेवटचे उरते; तेथे ‘गेट-ऑल’ वापरावे.

ओळींची संख्या मोकळी सोडू नये. पीएचपीमध्ये एका विनंतीतील रकान्यांची मर्यादा मुळात १००० असते आणि त्यापुढचे रकाने वगळले जातात. प्रत्येक ओळीत आठ रकाने असतील, तर १२५ ओळींतच ती मर्यादा गाठली जाते. कमाल सदस्यसंख्या गाठल्यावर ‘सदस्य जोडा’ बंद करावे आणि का बंद केले ते शेजारी लिहावे. ब्राउझरमधील प्रत्येक नियम सर्व्हरवर पुन्हा तपासला गेलाच पाहिजे, पालकाच्या नावाची अटसुद्धा, कारण पानावरील स्क्रिप्ट कोणीही बदलू किंवा वगळू शकतो. सर्व्हरने चूक दाखवत पान परत पाठवले, तर वापरणाऱ्याने जोडलेल्या सर्व ओळी त्यातील मजकुरासह सर्व्हरनेच एचटीएमएलमध्ये उभ्या कराव्यात, आणि पान उघडताच अटींची तपासणी एकदा चालवावी, म्हणजे १८ वर्षांखालील सदस्याच्या ओळीत पालकाचा रकाना उघडलेलाच दिसेल.